गाडीची वायर मी काढली होती

कालपर्यंत हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. चार्जिंगला लावलेली गाडीची वायर मी काढली होती — पाण्याच्या मोटरसाठी. दिवेलागणीला लाइट आली, टाकी रिकामी, आणि ओसरीवर मोठ्या पिनचं सॉकेट एकच. टाकी भरली, वायर परत खोचली. आणि बटण? ते दाबायचं राहिलं. तेव्हा मी पोरगीच होते म्हणा, सत्तरी गाठायची होती. अक्कल कुठून असणार?

माझी सून वैशाली आमच्या गावाहून, युसूफ वडगावहून, रोज केजला शाळेवर जाते. गाडी घेताना घरात दोन पक्ष पडले. माझ्या लेकाला, दत्ताला, दोन्हीवर चालणारी हवी होती — चार्जही होते, पेट्रोलही पिते. वैशाली म्हणायची, रोजचं एवढंसं अंतर, घरीच चार्ज करायची, दोन-दोन यंत्रं कशाला सांभाळायची? मी लेकाकडून. एक बैल बसला तर दुसरा ओढील, हे माझं शहाणपण. पण जिंकली वैशाली. विजेवरची गाडी आली आणि मला ते लई झोंबलं.

मी टाकी भरली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं घाईत वायर काढली. बॅटरी कमी दिसली, पण जाऊन येऊ असं तिला वाटलं. ती गेल्यावर मला बंद बटण दिसलं. तेव्हाच कळलं. फोन हाताशी होता — केला का? नाही केला.

येताना गाडी गावाच्या अलीकडे थांबली. दत्तानं ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली, पारावरची माणसं उभी राहून बघत होती. "तुला साधं एक बटण ध्यानात राहत न्हाई?" तो म्हणाला. "राहिलं असंल माझ्याकडूनच," ती म्हणाली. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. तोंडात दाणे होते म्हणून गप्प राहिले का? गप्प कुठं — मी म्हणाले, "तरी मी सांगत होते."

विजेवरची गेली, दोन्हीवरची आली. तिला वायर लावायचा आता सगळ्यांना कंटाळा, पेट्रोलच पिते. ते जाऊ द्या. गाडीचं काय एवढं? पण वैशाली तेव्हापासून स्वतःवर भरवसा ठेवीना. कुलूप लावते, ओढून बघते, फाटकापासून परत येते. "आत्या, मी गॅस बंद केला ना?" शाळा सांभाळणारी बाई — आणि मला विचारते. मला!

काल ती भाकरी थापत होती, तेव्हा सांगून टाकलं. सगळं, फोनसकट. लाज वाटावी इतकं हलकं वाटलं मला. पिठाचे हात तसेच धरून ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली,

"म्हणजे मी बटण दाबलंच होतं. आत्या, आता हे तुम्ही तुमच्या लेकाला सांगायचं — पण थांबा, ही भाकर उतरवते, मी पण येते ऐकायला."