बदकांना गणवेश

टेलरबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. पण त्या भागातल्या तीन शाळांमधल्या झाडून साऱ्या मुलांच्या कमरेची मापं त्यांना तोंडपाठ होती, आणि त्या मापांवरून त्यांच्या आईबापांविषयीची बाईंची मतंही पक्की होती. दुमड चार बोटं जास्त ठेवायला सांगणारे चिकट. दुमड नकोच म्हणणारे उधळे. आणि "तुम्हाला बरं दिसेल तसं करा" म्हणणारे पक्के बदमाश, कारण नंतर भांडायला नेमके तेच येतात.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. दोन मशीन, त्यातलं एक पायाचं. कापायच्या टेबलावर करड्या आणि किरमिजी कापडाची चळत, भिंतीला तयार स्कर्टांची रांग. बाईंच्या गळ्यातली टेप अंघोळ सोडली तर कधी निघत नसे. त्यांचे यजमान वाहतूक पोलिसातून निवृत्त झाले होते. नोकरीने त्यांना सोडलं, पण त्यांनी शिट्टी सोडली नाही, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. जन्मभर चौकात उभं राहून त्यांचे कान कामातून गेले होते. त्यामुळे स्वतःचीच शिट्टी त्यांना हळू वाजल्यासारखी वाटे आणि ते ती आणखी जोरात फुंकत.

इतकी वर्षं शाळेचे कपडे शिवून बाईंनी एक तत्त्वज्ञान बनवलं होतं. वर्गात नवीन आलेलं पोर रंगीत कपड्यांत असतं तोवर सगळे त्याला टोचून खातात. गणवेश अंगावर चढला की ते रांगेत असं विरघळतं की वर्गाच्या बाईंनासुद्धा ओळखू येत नाही. माणूस वेगळा दिसला की लोक त्याच्याकडे बघतात, आणि लोकांनी बघितल्याने कोणाचं भलं झालेलं बाईंनी अजून पाहिलं नव्हतं. म्हणून नवीन पोराचा गणवेश त्या रांग मोडून आधी शिवत. जास्तीचे पैसेही घेत, कारण तत्त्वज्ञान वेगळं आणि धंदा वेगळा.

मागच्या अंगणात चार तपकिरी बदकं होती. हेडबाई, बॉबिन, अस्तर आणि मॉनिटर. मॉनिटर हा त्यातला एकुलता एक नर. त्याच्या शेपटीचं एक पीस ऐटीत वर वळलेलं होतं, याखेरीज त्याला कसलाही अधिकार नव्हता. टबात उतरायचं, दाण्यावर जायचं, कलत्या उन्हात खुराड्यात शिरायचं, सगळं हेडबाईंच्या मागोमाग आणि ठरलेल्या क्रमाने. बाईंना ही बदकं फार आवडत. ती उधारी मागत नसत आणि त्यांना कपडे लागत नसत. निदान तेव्हा तरी तसंच वाटत होतं.

अशात बाईंची धाकटी बहीण राहायला आली. ती एका वसतिगृहाच्या खाणावळीत स्वयंपाकीण होती. खाणावळ कंत्राटदाराकडे गेली, तशी तिची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर मिळालेली खोलीही गेली. ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. टोपली बोलत होती.

"हे काय आणलंस?" बाईंनी विचारलं.

"रविवार."

"आज मंगळवार आहे."

"तिचं नाव रविवार आहे, ताई. रविवारी शिजवायची म्हणून आणली होती. आदल्या दिवशी मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मग पोरांना बटाटे घातले."

झाकण उघडलं. आत एक पांढरीशुभ्र, चांगली भरलेली बदकी बसली होती. वाचवल्याबद्दल तिच्या चेहऱ्यावर काडीची कृतज्ञता नव्हती.

चहा पिताना धाकटीने अट घातली. "आधीच सांगून ठेवते. मला ठेवून घेतलं म्हणून कोणाचे उपकार नकोत. ही तुझ्या बदकांत रमली तर मी राहते. नाही रमली तर माझी ती खाणावळीतली मैत्रीण बोलावतेय. तिच्याकडे तळं आहे."

"राहा, नाही तर जा. मला काय फरक पडतो?" बाई म्हणाल्या.

फरक पडत होता. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण बाई मेल्या असत्या तरी बोलल्या नसत्या. यजमानांचे कान गेल्यापासून त्या घरात भांडण असं उरलं नव्हतं. बाई एखादी झणझणीत गोष्ट बोलत, शिट्टीसाहेब "हो, पाऊस येईलसं वाटतंय" म्हणत, आणि विषय संपे. गिऱ्हाइकांशी भांडता येई, पण ते पैशापुरतं. मनापासून, मागचं सगळं उकरून, एकमेकींच्या नाकाडोळ्यांपर्यंत जाऊन भांडायला जगात एकच माणूस शिल्लक होतं आणि ते समोर बसून बशीत चहा ओतत होतं.

धाकटीने चहा संपवून रविवारला थेट अंगणात सोडलं. "बदकं आहेत, माणसं थोडीच आहेत? घेतील सांभाळून."

हेडबाईंनी आधी एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्याने. दोन्ही डोळ्यांचं एकमत झाल्यावर त्यांनी मान जमिनीलगत सपाट केली आणि धावल्या. बॉबिनने शेपटी धरली, अस्तरने पाठ. मॉनिटरला कोणाला चावायचं ते समजेना, म्हणून तो बॉबिनला चावला. शिट्टीसाहेब लगबगीने अंगणाच्या मधोमध आले, त्यांनी कर्कश शिट्टी फुंकली आणि हेडबाईंसमोर हात आडवा केला. हेडबाई हाताखालून गेल्या. भरधाव ट्रक थांबवलेल्या माणसाचा असा पाणउतारा नोकरीत कधी झाला नव्हता. ते आत जाऊन पेपर वाचत बसले.

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर मुलीचा स्कर्ट न्यायला आला होता, त्याला बाईंनी विचारलं.

"एकदम नाही सोडायचं, बाई. मध्ये जाळी लावा. बघू दे एकमेकांना, आवाज ओळखीचा होऊ दे. दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ ठेवा. सोडाल तेव्हा दाण्याचीही दोन भांडी ठेवा, पाण्याचीही दोन. थोडी मारामारी व्हायचीच. रक्त आलं तर हात घाला, नाही तर लांबून मजा बघा."

"किती दिवस लागतील?"

"ते त्यांच्या स्वभावावर."

"माझी बदकं स्वभावाने गरीब आहेत," बाई म्हणाल्या. कंपाउंडरने स्कर्ट उचलला. शहाणा माणूस.

जाळी लागली. चारही बदकांनी जाळीकडे पाठ केली आणि पाठ करूनच दाणे खायला सुरुवात केली. पलीकडे रविवार एकटीच टबात बसून राही. बदकं अशी अडून बसली असताना घरात मात्र सुगीचे दिवस आले होते. मिठाचा डबा चुलीच्या डावीकडे हवा की उजवीकडे, यावर एक अख्खी सकाळ निघाली. लहानपणी कोणी कोणाची वेणी कापली हे एका दुपारी पुन्हा उघडण्यात आलं. त्यात दोघींनी नवे साक्षीपुरावे आणले, त्यातले निम्मे जागच्या जागी बनवलेले होते. बाईंचा पाय मशीनवर असा चालू लागला की शाळेचं काम वेळेआधी उरकलं.

बाईंची घाई नडली की धाकटीची, कोण जाणे. दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. कंपाउंडरला न विचारता जाळी निघाली आणि हेडबाईंनी, वाटच पाहत असल्यासारखं, रविवारच्या मानेची चोचभर पिसं उपटली. रविवार कपडे धुवायच्या दगडामागे जाऊन बसली. दाणे पुढे ठेवले तरी उठेना.

धाकटीने तिला उचललं, ओल्या फडक्याने पुसलं आणि ती एक शब्दही बोलली नाही. ती गप्प बसली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं. थोड्या वेळाने आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"शनिवारी निघते, ताई."

"नीघ."

एवढं बोलून बाई दुकानात गेल्या आणि त्यांनी एका स्कर्टाचे दोन पुढचे भाग कापले. मागचा भाग नाहीच. असं त्यांच्या हातून धंद्यात पहिल्यांदाच घडलं. त्या वाया गेलेल्या किरमिजी कापडाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि पाहता पाहता त्यांना सुचलं. इतके दिवस आपण मूर्खासारखी जाळी काय बांधत बसलो? नवीन पोर आहे. रंगीत कपड्यांत आहे. टोचणारच की!

गळ्यातली टेप काढत त्या अंगणात आल्या. "धर त्या हेडबाईला."

"काय करतेयस?"

"माप घेतेय."

"बदकाचं?"

"नाही, तुझ्या भाऊजींचं. धर म्हटलं ना!"

बदकाच्या मानेचं माप घेणं सोपं नाही. मान लांब केली की बारीक होते, राग आला की जाड. बाईंनी रागातलं माप घेतलं आणि सवयीने अर्धा इंच सैल ठेवलं. संध्याकाळ व्हायच्या आत पाच गळपट्ट्या तयार झाल्या. किरमिजी कापड, कडेला करडी पट्टी, मागे टिचबटण. आतली शिवणसुद्धा त्यांनी नीट मारली.

"आतून कोण बघणार आहे?" धाकटी म्हणाली.

"मी बघितलंय ना."

"बॅज पण लाव. आणि डबा दे बरोबर."

"तू पकडायचं काम कर."

पाचही बदकांना पट्ट्या चढल्या आणि पाचही एकदम अंगणात सोडली गेली. शिट्टीसाहेब या वेळी खिडकीतूनच पाहत होते.

बाईंच्या तत्त्वज्ञानात एक बारीक चूक राहून गेली होती. गणवेश घातला की नवा जुन्यांसारखा दिसतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. जुनेही नव्यासारखे दिसू लागतात, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

हेडबाईंनी बॉबिनकडे पाहिलं. लाल गळ्याची कोणी परकी बया आपल्या अंगणात! त्या बॉबिनवर धावल्या. बॉबिनला मागून अस्तर दिसली, तीही परकी. मॉनिटरला सगळीच परकी, त्याने टबाला प्रदक्षिणा घालून ओरडायला सुरुवात केली. कोणी कोणाची पट्टी ओढली, कोणी स्वतःचीच. जन्मभर एका रांगेत चाललेली चार बदकं एकमेकांना अशी हाणू लागली की पिसं उडत दुकानातल्या टेबलापर्यंत आली.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुझ्या शाळेत पहिल्या दिवशी असंच होतं का गं?"

आपण घर मोडलं, बहीण तर जाणारच, वर असलेली चारही हातची घालवली, असं बाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी दोनदा पुढे जाऊन पाहिलं, दोनदा चोच खाऊन मागे आल्या.

या सगळ्यात सुटल्याबरोबर दगडामागे गेलेली रविवार तेवढी शांत होती. वसतिगृहातल्या पोरांनी आजवर तिच्या गळ्यात रिबिनी, टाय, एकदा तर कोणाचं ओळखपत्रही अडकवलं होतं. गळ्यात काही असणं म्हणजे तिला रोजचंच. तिने दगडामागून मान काढली, कोणाचंच आपल्याकडे लक्ष नाही हे पाहिलं, आणि डुलत डुलत दाण्यांवर गेली. पहिलं भांडं निम्मं केलं. मग चव बदल म्हणून दुसऱ्यावर गेली.

भांडून भांडून हेडबाईंना धाप लागली. पट्टी फिरून टिचबटण पुढे आलेलं, एक पंख विस्कटलेला, अशा त्या भांड्यापाशी आल्या. रविवारने मान वर न करताच त्यांच्या कपाळावर एक टोच मारली. फार जोरात नाही. हेडबाई थबकल्या, थोड्या मागे सरल्या, आणि उभ्या राहिल्या. रविवारचं खाऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या.

अंगण गप्प झालं. बॉबिन आणि अस्तर येऊन हेडबाईंच्या बाजूला थांबल्या. त्यांनाही भूक लागली होती, आणि या घटकेला अंगणात काय करायचं ते कोणाला ठाऊक असेल तर फक्त या पांढरीला, हे त्यांनाही दिसत होतं.

दोघी बहिणींनी एकेकाला धरून पट्ट्या काढल्या. चौघांनी एकमेकांना ओळखलं आणि जरा ओशाळल्यासारखी पिसं चाचपली. बाईंना वाटलं, आता पुन्हा हल्ला होईल. झाला नाही. रविवार टबात उतरली. तिच्यामागे बॉबिन, मग अस्तर. हेडबाई चौथ्या. शेवटी मॉनिटर, त्याच्या जागेत काही फरक नव्हता.

"माझी हेडबाई गं!" बाई कळवळल्या. "तुझ्या त्या रश्श्यातल्या बदकाच्या मागे उभी आहे बघ!"

"रस्सा तिचा नाही झाला, ताई. तुझ्या हेडबाईंचा करायचा का?"

"जीभ हासडीन."

"तू शिव, हासडायचं राहू दे. सगळं अंगण पेटवलंस ते पेटवलंस, आणि आता मला बोलतेस?"

"पेटवलं म्हणून तर बसली ना तुझी महाराणी गादीवर! जन्मभर जाळीमागे बसली असती. आणि तू तळ्यावर."

धाकटीने टबाकडे पाहिलं. रविवार पंख झाडत होती आणि बाकीच्यांना अंगभर शिंतोडे बसत होते. ते त्यांनी मुकाट सोसले.

"बरं," धाकटी म्हणाली. ती आत गेली, बॅगेची चेन उघडली आणि कपाटातला वरचा कप्पा बाईंना न विचारता रिकामा करू लागली. त्यात बाईंचं ठेवणीतलं कापड होतं. ते तिने खाटेवर टाकलं, थोडं जमिनीवर.

"अगं ए! ते माझं सामान आहे!"

"कापड आहे. कापडाला कप्पा कशाला? चळत कर टेबलावर."

"टेबल माझं आहे!"

"मग कर ना, नाही कोण म्हणतंय?"

शिट्टीसाहेबांपर्यंतही काहीतरी पोचलं असावं. त्यांनी पेपर खाली केला. "कोण भांडतंय?"

"आम्ही!" दोघी एकदम ओरडल्या.

बाहेर दुकानाच्या पायरीवर एक गिऱ्हाईक पोराची चड्डी हातात धरून उभं होतं. बाई ताडताड बाहेर गेल्या, त्याला उद्या यायला सांगितलं आणि उजेड असतानाच दुकानाचं दार लावून घेतलं. वरच्या कप्प्याचं प्रकरण बरंच लांबणार होतं, आणि ते उभ्याउभ्या उरकण्यासारखं नव्हतं.