हौगांगमधला कॉकेशस

धाकटा भाऊ दिनेश विमानतळावर न्यायला आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. तुआसच्या कारखान्यातली नोकरी संपवून तो कायमचा पुण्याला परतणार होता आणि मी आवराआवरीला सिंगापूरला आले होते. हौगांगच्या फ्लॅटमध्ये एकही खोकं भरलेलं नव्हतं. हॉलमध्ये मातीचा डोंगर मात्र तयार होता.

"ताई, हा कॉकेशस. उद्या इथे रशियन आणि ऑटोमन तुर्क भिडणार."

अठराव्या शतकातली ती लढाई रशियनांनी जिंकली होती. तिथली काही निवृत्त मंडळी दर शनिवारी असल्या लढाया बोटभर सैनिक आणि फासे घेऊन पुन्हा लढतात. दिनेश सहा वर्षं त्यांच्यातल्या लिम अंकलकडून हरत होता आणि ही त्याची शेवटची संधी होती.

"या वेळी रशियन मी आहे. इतिहास आपल्या बाजूने आहे," तो म्हणाला.

डोंगरावर मोहरी छान उगवली होती. सकाळी तो लिफ्टमध्ये मावेना. तिरका केल्यावर मावला, पण एक खिंड बुजली.

खाली व्हॉइड डेकमध्ये (इमारतीखालची मोकळी जागा) टेबल मांडलं होतं. मला कोपी (आटवलेल्या दुधाची कडक कॉफी) मिळाली. हाफपँटीतल्या लिम अंकलनी डोंगराला एक प्रदक्षिणा घातली.

"टॉप सो फ्लॅट, व्हेरी नाइस लाह," म्हणत त्यांनी माथ्यावर तीन तोफा ठेवल्या. तिथून सगळ्या वाटा माऱ्यात येत होत्या. माझी दुसरी कोपी संपण्याआधी रशियन फौज संपली.

"माथा सपाट कशाला ठेवलास रे?"

दिनेश पडलेले रशियन डब्यात भरत होता. "सिंहासनाची जागा ना ती. हाताने आपोआप सोडली."

दिवाळीत किल्ला तो बांधायचा आणि वर महाराजांचं सिंहासन मी ठेवायची. मोठी म्हणून तो मान माझा. त्याला मी कधी हात लावू दिला नाही. आता मला भयंकर वाईट वाटलं. लिम अंकलना मी माझ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण निकाल बदलला नाही. डोंगर मात्र स्वतःकडे ठेवून घेतला.

सिंगापूरला काय पाहिलंस, असं इथे पुण्यात सगळे विचारतात. एक डोंगर, असं मी सांगते आणि विषय संपतो.

काल लिम अंकलनी फोटो पाठवला. मोहरी वाळली आहे. माथ्यावर तोफा नाहीत, बाहुलीघरातली एक लाल खुर्ची आहे.

दिनेशने फोटो मोठा करून पाहिला.

"आता जिंकलो असतो," तो म्हणाला.