बिघाड करणारी भाडेकरीण

चालू गोष्ट मुद्दाम बिघडवण्याचा पगार घेणारी बाई उभ्या प्रतापनगरात एकच होती, आणि ती माझ्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची.

मी चाळीस वर्षं शहराबाहेर वाडीला ट्रकांचं गॅरेज चालवलं. बंद पडलेलं चालू करायचं, एवढंच मला येतं. शाळेशी माझं सातवीतच बिनसलं. त्यामुळे सावनेरहून आलेल्या या पोरीनं पहिल्याच दिवशी "काकाजी, मी सिस्टम बिघडवते" म्हणून सांगितलं, तेव्हा मला वाटलं, थट्टा करून राहिली. थट्टा नव्हती. एका दुपारी चहा घेऊन वर गेलो तर तिनं मला टेबलाशी बसवलं. तिची कंपनी औषधं घरपोच देणारी. माझ्या बीपीच्या गोळ्याही तिथूनच यायच्या. कंपनीकडे स्वतःचे कॉम्प्युटर नाहीत. सगळे दुसऱ्याच्या जागेत भाड्यानं घेतलेले, काही मुंबईत, काही हैदराबादेत. त्यालाच ते क्लाउड म्हणतात. पडद्यावर एक हिरवी रेघ संथ चालली होती.

"ही रेघ म्हणजे लोकांच्या ऑर्डरी," ती म्हणाली. "आता मी त्या घेणाऱ्या मशिनींतली एक पाडते."

"चालू असताना?"

"बंद असताना पाडून काय कळन, काकाजी?"

आणि दाबलं की हो बटण! माझा अर्धा चहा बशीत आला. रेघ धाडकन खाली. गेल्या माझ्या गोळ्या, असं मनात येतं न येतं तोच ती हळूहळू वर चढली. बाकीच्या मशिनींनी पडलेलीचं ओझं उचललं होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पोरगी मात्र नाराज. "तीस सेकंद लागले. मी दहा लिहिले होते." मला धक्का रेघेचा बसला त्याहून जास्त या नाराजीचा बसला.

खरा बिघाड यायच्या आधी कच्ची जागा सापडावी म्हणून हे सगळं, पण तिचे नियम पक्के होते. सगळं ठीक असतं तेव्हा कसं दिसतं, ते आधी वहीत लिहायचं. मग काय होईल त्याचा अंदाज लिहायचा. मग एकच गोष्ट बिघडवायची, तीही थोडीशीच. ज्याला झळ पोचेल त्याला आधी सांगायचं. आणि थांबवायचं बटण कायम हाताशी. कामावर हे ठीक, पण या बाईला घरीही चैन नाही. मे महिन्यातल्या दुपारी कूलर बंद करून, ओला पंचा डोक्याला गुंडाळून बसलेलं मी तिला पाहिलं आहे. "अवं, मरशील ना!" मी ओरडलो. "लाइट गेली तर माहं डोकं किती वेळ चालते, ते पाहून राहिली," ती म्हणाली. वांग्याच्या भाजीतून तिनं रोज एकेक मसाला काढून पाहिला, ही भाजी नेमकी कशावर उभी आहे म्हणून. आठ दिवस मला वाटी यायची. सातव्या दिवशीची भाजी मी कुत्र्याला घातली. त्यानंही वास घेतला आणि निघून गेला. तेही तिनं वहीत लिहिलं.

एक दिवस तिनं वही माझ्यापुढे उघडली. माझी बायको जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

"काकाजी, तुम्ही आतून कडी लावून एकटे राहता. उद्या पडले तर कोणाले कळन?"

"अर्ध्या तासात गल्ली गोळा होईल," मी ठणकावून सांगितलं. "जिंदगी गेली इथं माही."

"लिहा मग."

लिहिलं. अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी प्रयोग. रोज सातला मी पाण्याची मोटर लावतो, पेपर उचलतो, रेडिओ मोठ्यानं लावतो. त्या दिवशी यातलं काही करायचं नव्हतं. कडी लावून गप बसायचं. थांबवायचं बटण म्हणून तिनं मला स्टीलचं ताट आणि लाटणं दिलं. साडेसात झाले, आठ झाले. दूधवाला दाराला पिशवी अडकवून गेला, पेपर अजून दारातच पडलेला, पण त्याला काय करायचं. नऊला कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनीचा आवाज आला, "बरं झालं वं माय, आज भाऊजींचं पाणी नाही सांडलं!" कारण मोटर बंद करायचं माझ्या ध्यानात राहत नाही आणि रोज टाकी वाहते. दहाला पुण्याहून मुलाचा फोन वाजून वाजून थांबला. मग मेसेज आला, "बिझी?" अकराला माझाच धीर सुटला. मी ताट बडवलं.

कडी काढतो तर पोरगी दारात. सातपासून जिन्याच्या पायरीवर बसून होती, मांडीवर लॅपटॉप.

"अंदाज चुकला माहा," मी म्हणालो. आणि जे मुलाजवळही बोललो नव्हतो ते तिच्याजवळ बोललो. माझी बायको मोटर बंद करायला कधी विसरली नाही. ज्या सकाळी ती स्वयंपाकघरात पडली, त्या सकाळी मी वाडीला होतो. टाकी दोन तास वाहत होती. पाणी रस्त्यापर्यंत गेलं, सगळ्यांनी पाहिलं, पाय उचलून चालले. मी आलो तो त्याच पाण्यातून आलो. आणि दारातूनच ओरडलो, "मोटर बंद कर ना वं!"

पोरीनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "काकाजी, खबर तर गेली होती. ती ऐकाची कोणी, हेच ठरलं नव्हतं. आमच्या कामात असं झालं तर आम्ही माणसाले दोष नाही देत. घंटी कोणाच्या घरी वाजावी, ते ठरवतो."

तिनं वहिनीला बोलावून सगळं सांगितलं. वहिनी आधी रडली, मग माझ्यावरच चिडली, "इतके दिवस मी पाण्यावरून बोलून राहिली, तुम्ही काहून नाही सांगितलं?" आतली कडी निघाली, एक किल्ली वहिनीकडे गेली. सातला मोटर लावली की मी ताटावर दोनदा लाटणं मारायचं, वहिनीनं पलीकडून मारायचं, पोरीनं वरून. माझं ताट वाजलं नाही किंवा पाणी सांडलं, तर वहिनीनं यायचं. आठ दिवसांनी पोरीनं मला ताट वाजवू दिलं नाही. वहिनी चार मिनिटांत दारात, हाताला कणीक. "मेले तुमचे प्रयोग!" पण वहीत चार लिहिताना पोरगी पहिल्यांदा खुश दिसली.

आता ती हैदराबादला असते. तिथं मोठ्या पगारावर आणखी मोठ्या गोष्टी पाडते म्हणे. वरच्या खोल्या मी अजून कोणाला दिल्या नाहीत. सकाळी सातला मी मोटर लावतो, ताट वाजवतो. पलीकडून वहिनीचं ताट वाजतं. मग मी जिन्याकडे कान लावून उभा राहतो, तिसऱ्या ताटासाठी. त्यात मोटरीचं भान राहत नाही. पाणी सांडतं, आणि कणकेच्या हातानं वहिनी धावत येते.

"भाऊजी, आहे ना?"

"आहे, वहिनी," मी म्हणतो, आणि मोटर बंद करतो.