हवा काढायचं काम तिचं

सुरत ते धुळे रस्त्यावरचे खड्डे मला इतके ओळखतात, की माझा ट्रक दिसला की सरकून वाट देतात. बावीस वर्षं हा रस्ता तुडवतोय, खोटं कशाला बोलू? तर असा मी, त्या दिवशी भर सकाळी कडोदऱ्याच्या पुढे होतो. मागे अख्ख्या खानदेशाला दोनदा नेसवून उरतील एवढ्या साड्या. आणि सपाट रस्त्यावर गाडी दम तोडायला लागली. एका चहाच्या टपरीसमोर आचके देत बंदच पडली.

डिझेलचा फिल्टर चोंदला होता, दुसरं काय! नवा केबिनमध्ये होताच. पण शेठला फोन केला, तर तो म्हणाला, "एक कलाकमां चालू नै थाय तो माल बीजी गाडीमां जशे."

तासाभरात सुरू करा, नाहीतर माल दुसऱ्या गाडीत. माल जावो खड्ड्यात हो! पण खेप गेली असती तर साक्रीच्या अलीकडे फाट्यावर माझी वाट बघणारी बायको तशीच माघारी गेली असती. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून चार महिने ती माहेरी. सुरतेत उधन्याच्या खोलीत मी एकटा, आणि मी लाटलेल्या पोळ्या अशा, की चाकाखाली लावल्या तर घाटात भरली गाडी मागे सरकणार नाही. आज ती पिशवी घेऊन केबिनमध्ये चढणार, असं मीच मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

जुना फिल्टर काढला. आतल्या काळ्या चिखलात उधन्यातल्या सगळ्या तान्ह्या बाळांचं काजळ झालं असतं. नव्याच्या रबराला बोटाने डिझेल फासलं, हातानेच आवळला, चावी फिरवली. गाडी नुसती गुरगुरली. परत फिरवली, परत तेच.

"काका, धक्का मारू?" टपरीवाल्याने मालाने भरलेल्या ट्रककडे बघत विचारलं.

उशीर होईल हे सांगायला मी बायकोला फोन लावला.

"मी फिल्टर बदला, तरी गाडी चालू व्हत नही."

"हवा काढी का?"

फिल्टर बदलला की डिझेलच्या वाटेत हवा अडकते. वरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचं, फेस संपून नुसतं डिझेल येईपर्यंत; मग स्क्रू आवळला की पंप जड होतो. लग्न झाल्यापासून, रविवारी, उधन्याच्या पार्किंगमध्ये स्क्रूवर नजर माझी आणि पंपावर हात तिचा. मोजत मोजत दाबायची. इतकी वर्षं ते काम तिचं, की असं काही काम असतं हेच मी विसरून गेलो होतो.

"फोन पंपजोडे ठेवा," ती म्हणाली. "मी मोजस."

एक, दोन, तीन... इंजिनाशेजारून तिचा आवाज यायला लागला. चाळीसला फेस विरळ झाला. साठला स्वच्छ धार लागली. मी स्क्रू गुपचूप आवळला. आणि पंप दाबतच राहिलो.

"आजून बुडबुडा शेतस का?"

"भलता शेतस. समुद्र शे नुसता!"

ती मोजत राहिली. एकाहत्तर, बाहत्तर. चार महिन्यांत तिचा आवाज एवढा वेळ सलग ऐकला नव्हता. रोज आपलं जेवलात का, आईचं औषध, ठेवते. नव्वदला ती थांबली.

"पंप जड व्हयी गया. माले ऐकू येस." ती हसली. "लबाड! फिरावा चावी."

पहिल्याच फिरकीला गाडी सुरू.

दुपारी फाट्यावर ती उभी होती. एका हातात डबा. दुसऱ्या हातात पिशवी असेल म्हणून मी केबिनमधून वाकून पाहिलं. त्या हातात नुसता पदर होता.

"माय आजून उठत नही," ती म्हणाली.

एरवी माझ्या तोंडापुढे हॉर्नही लाजतो. तेव्हा "डबा वर ठेव" एवढंच निघालं. तिने डबा सीटवर ठेवला, गाडी बंद करायला सांगितली, आणि पुढे जाऊन पदर खोचला.

"स्क्रू खोला बरं. हवा राही गयी व्हई."

कडोदऱ्यापासून गाडी एकदाही अडखळली नव्हती. तरी मी खाली उतरलो, स्क्रू सैल केला. पहिल्याच दाबाला निवळ डिझेल आलं. दोघांनीही ते पाहिलं, आणि ती एकापासून मोजायला लागली.