एकदाच विचारणाऱ्या डेबी मॅडम

हसायचं नाही म्हटलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून आधी तो चहाचा कप खाली ठेवा. अमेरिकेला जाण्याच्या नादात मी स्वतःच्या हातानं जो घोळ घातलाय ना, तसा अख्ख्या लातूर जिल्ह्यात कुणी घातला नसेल. निदान इंग्रजीतून तरी नाहीच!

मी मन्मथ. घर लातूरला, अप्पांचं भांड्यांचं दुकान. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या कॉलेजचा अमेरिकेतल्या एका विद्यापीठाशी करार आहे. दरवर्षी एका विद्यार्थ्यानं एक सेमिस्टर तिकडं जाऊन शिकायचं. यंदा त्या एका जागेवर माझा नंबर लागला! माझ्या मागं वेटिंगवर मुदखेडचा गजानन. मी गळालो की तो जाणार. पठ्ठ्या एक दिवसाआड फोन करायचा.

"काय मन्मथ, जाऊन राहिला ना तू? नसंल जायचं तर आत्ताच सांग बाबा. मी स्वेटर घेऊन ठेवलंय."

आता पुढचं कळायला आमच्या घरचा एक कायदा तुम्हाला माहीत पाहिजे. म्हणजे तुमच्याही घरी तो असणारच, फक्त आमच्याकडं अंमलबजावणी कडक आहे. परक्याच्या घरी कुणी काही पुढं केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की नुसतं हसायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मगच घ्यायचं. सहा वर्षांचा असताना रेणापूरला एका पाहुण्यांकडं मी पहिल्याच विचारण्याला लाडू उचलला होता. आई तिथं सगळ्यांसमोर हसली. पण परतीच्या एसटीत लातूर येईपर्यंत मला चिमटे खावे लागले.

"लोकं काय म्हणतील? घरी खायला देत न्हाईत व्हय पोराला?"

तेव्हापासून 'नको' माझ्या तोंडून आपोआप निघतं. शिंकेसारखं.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना तिकडच्या विद्यापीठातून डेबी मॅडमचा व्हिडिओ कॉल ठरला. येणाऱ्या विद्यार्थ्यांची सगळी सोय बघणाऱ्या त्या बाई. आमच्याकडं संध्याकाळचे साडेसात, त्यांच्याकडं सकाळ. बोलणं इंग्रजीत झालं, पण माझं मन मराठीतच बसलं होतं, तिथंच तर सगळं चुकलं.

"तुला कॅम्पसमध्ये खोली हवी आहे का?"

"नको नको, कशाला तुम्हाला उगाच त्रास!"

"ओके," बाई म्हणाल्या आणि टक-टक काहीतरी टाईप केलं. मी हसरा चेहरा करून बसलो. आता दुसऱ्यांदा विचारतील, मग तिसऱ्यांदा. तर बाई पुढच्या प्रश्नावर!

"जेवणाची मेस लावायची?"

"नको, राहू द्या."

टक-टक.

"एअरपोर्टवर घ्यायला गाडी पाठवू?"

"छे छे! मी येईन की."

टक-टक.

"जुने विद्यार्थी ठेवून गेलेले थंडीचे कोट आहेत आमच्याकडे. एक काढून ठेवू?"

"नको हो, खरंच नको."

"जानेवारीत इथे उणे पंधरा असतं."

"सवय आहे," मी म्हणालो.

कसली सवय? लातूरच्या माणसाला उणे पंधराची सवय? पण एकदा विनय अंगात संचारला की जिभेवर ताबा राहतो का हो?

कॉल संपला. आईनं विचारलं, "कशी आहे रे बाई? काय म्हणली?"

"लई चांगली आहे. दोन-तीनदा विचारायचं राहिलंय, उद्या विचारील."

दुसऱ्या दिवशी ईमेल आला. खोली नको, मेस नको, गाडी नको, कोट नको, अशी नोंद झाली होती. खाली लिहिलं होतं, "तुझा स्वावलंबी स्वभाव आवडला. तू जिथे राहणार आहेस तो पत्ता शुक्रवारपर्यंत कळव. पत्त्याशिवाय व्हिसाची कागदपत्रं निघत नाहीत. पत्ता न आल्यास जागा वेटिंगवरच्या विद्यार्थ्याला दिली जाईल."

पत्ता कुठला देऊ? अमेरिकेत मला काळं कुत्रंही ओळखत नाही! डोळ्यांसमोर विमानात बसलेला गजानन दिसायला लागला, स्वेटर घालून.

अप्पा दुकानातून रात्री जेवायला आले तेव्हा मी सगळं सांगितलं.

"तू नेमकं काय म्हणलास?"

"नको म्हणालो."

"किती डाव?"

"एकदाच. तिनं परत विचारलंच न्हाई ना अप्पा!"

आईला माझ्यापेक्षा डेबी मॅडमचा राग आला. "कसली माणसं म्हणावी! लेकरू नको म्हणलं आन् हिनं सोडून दिलं? ही काय पोराला जेवू घालणार?"

"कामून तिच्यावर चिडायलीस?" अप्पा म्हणाले. "मन्मथ, आत्ताच्या आत्ता लिही तिला, खोली पाहिजे म्हणून."

लिहिलं. पण आडात इतकी वर्षं जे साचलंय तेच वर येणार ना! मी लिहिलं, "मॅडम, माझी काळजी करू नका. एखादा कोपरा असला तरी चालेल, नसला तरी काही हरकत नाही. मी कसंही जमवून घेईन."

अर्ध्या तासात उत्तर! "तू जमवून घेणार आहेस हे वाचून आनंद झाला."

आता शुक्रवार उजाडला. मी हातापाया पडून पुन्हा कॉल मागून घेतला. या वेळी अप्पा दुकान बंद करून स्वतः कॅमेऱ्याच्या मागं खुर्ची टाकून बसले. त्यांच्या शेजारी आई.

"आता ती काय बी विचारू दे," अप्पांनी बजावलं, "तू फक्त हाव म्हणायचं. पहिल्या डावाला. विचार करायचा न्हाई बिल्कुल."

डेबी मॅडम दिसल्या. "तुझा विचार बदलला म्हणे? खोली हवी..."

"येस!"

"मेस?"

"येस!"

"कोट आणि गा..."

"येस! येस!"

अप्पांनी अंगठा दाखवला. आईनं हात जोडले. बाई हसल्या आणि भराभर बोलायला लागल्या. बाकी खोल्या भरल्यात, एकच उरलीय, असं काहीतरी. मी ऐकत होतो कुठं? प्रश्न संपल्याचा सूर आला की येस म्हणायचं, एवढंच माझं लक्ष.

"...चालेल तुला?"

"येस!"

"आणि तो गावाला गेला की तू बघशील?"

"येस!"

"नक्की? आधीच्या दोघांनी नाही म्हटलं होतं."

"येस, मॅडम!"

झालं! खोली मिळाली! आईनं देवापुढं साखर ठेवली, मी गजाननला फोन करून सांगितलं, "स्वेटर इथंच वापर." खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी ईमेल आला, सोबत एक फोटो. ती एकुलती एक खोली प्राणी पाळायची परवानगी असलेल्या इमारतीत होती. फोटोत माझा होणारा रूममेट होता, आणि त्याच्या खांद्यावर पाच फुटांचा अजगर! नाव मफिन! 'मालक सुट्टीला गेला की मफिनला उंदीर खाऊ घालायची जबाबदारी आनंदानं स्वीकारल्याबद्दल' माझे आभार मानले होते.

अहो, आमच्या घरात अंडं येत नाही! आणि मी पालीला भिऊन बाथरूममधून साबण लावलेल्या अंगानं बाहेर पळालेला माणूस!

"महादेवाच्या गळ्यात असतोय की," आई म्हणाली. पण तिचाही आवाज जरा बारीकच होता.

"अप्पा, मी नाही म्हणून कळवू का?"

"कळव. म्हंजे खोली गेली. खोली गेली की तुझ्या जागी गजानन गेला."

मग दुसरा उपायच उरला नाही. भीती घालवायला अप्पांनी मला मागच्या गल्लीतल्या बालाजीदादाकडं धाडलं. तो सर्पमित्र आहे, लोकांच्या घरात निघालेले साप पकडून रानात सोडतो. गावाबाहेर गाठलं मी त्याला. सोयाबीनच्या गोदामात सापडलेली धामण तो सोडायला निघाला होता. त्यानं तिला पिशवीतून बाहेर काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"बिनविषारी हाय. घे."

"नको!" मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा ते 'नको' माझ्या मनापासून निघालं होतं.

"अरे घे की."

"नको दादा! देवाशप्पथ नको!"

डेबी मॅडम असत्या तर त्यांनी 'ओके' म्हणून धामण पिशवीत ठेवली असती. पण बालाजीदादा पडला आपल्या लातूरचा!

"परक्यावानी लाजतोस काय रे," असं म्हणत त्यानं अख्खी धामण माझ्या गळ्यात घातली.