दोन ठोके सरळ, तीन दाटीवाटीचे

आमच्या घरात मी अडीच तास बाथरूममध्ये कोंडलेला होतो आणि हे घरातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

याला कारण एक ऑस्ट्रियन संगीतकार. (स्वर्गवासी झालेत, त्यामुळे भांडताही येत नाही.) त्यांच्या सिम्फनीत एक ठरलेली लय सारखी येते: दोन ठोके सरळ, आणि मग तेवढ्याच जागेत तीन. डम, डम, ड-ड-डम! ऐकायला सोपी. वाजवताना माझे तीन ठोके नेहमी बस चुकल्यासारखे पळायचे.

मी मुळात लालबागचा, गणपतीत ढोल बडवणारा. आता भायखळ्याला राहतो. वरच्या मजल्यावरचे फ्रान्सिस अंकल हौशी मंडळींचा ऑर्केस्ट्रा चालवतात. त्यांचा टिंपनीवाला दुबईला गेला, तेव्हा ते थेट माझ्याकडे आले.

"विनू, तू ढोल वाजवतोस ना? टिंपनी पण ढोलच रे. फक्त टाय घालायचा!"

झालं! दोन महिने माझी बोटं स्वस्थ नव्हती. टेबल, डबे, गॅसचा सिलिंडर, झोपलेल्या बायकोचा खांदा... स्मिता माहेरी जायची भाषा करू लागली. आई मात्र म्हणायची, "वाजवूक दे गो. दारू तर पिणा नाय!"

कार्यक्रमाच्या दिवशी पाचला पोचायचं होतं. एक वाजता आंघोळीला गेलो. बाहेर पडताना कडी ओढली, तर मूठ हातात आली आणि कडी जागेवरच! फोन फ्रिजवर. मी दारावर थाप मारली.

पण हात कुठे ऐकतात? डम, डम, ड-ड-डम!

"वाजवतायत," बाहेरून स्मिता म्हणाली आणि तिने मिक्सर लावला.

मी जोरात बडवलं. आईने टीव्हीचा आवाज वाढवला. मी ओरडलो, "दार! दार! उ-घ-डा!"

"आता तोंडानेही म्हणतायत!" स्मिता.

"आज प्रोग्राम आसा तेचो," आई कौतुकाने म्हणाली.

मग मी बादली उपडी करून तिच्यावर चढलो आणि डक्टच्या खिडकीतून बोंब मारली, "अंकल! मी अडकलोय!"

वरून अंकलचा प्रसन्न आवाज आला, "ऐकतोय रे! तिनावर अडकतोस, मला माहितीये. मनगट सैल सोड!"

"अहो, दारात अडकलोय!"

"दाराची काळजी नको, तिथे सगळ्यांचे पास मी ठेवलेत!"

पाय घसरला, बादली फुटली, मी खाली. चार वाजत आले असतील. इतके आठवडे रक्त आटवून मी बाथरूममध्येच मरणार, आणि लोक लयीचं कौतुक करणार! डोळ्यांत पाणी आलं. पण हात चालूच. रागाने, मग रडत, मग नुसतेच सवयीने. शेवटी दमलो आणि थांबलो.

तत्क्षणी मिक्सर बंद. टीव्ही बंद.

"अहो? थांबलात का? काय झालं?" स्मिता किंचाळली. "आई, हे थांबले!"

जिन्यावरून धडधडत अंकल आले. "लय तुटली! विनू, बाबा, ठीक आहेस ना?" आणि त्या सत्तर वर्षांच्या माणसाने कार्यक्रमाच्या चकचकीत बुटाने दाराला अशी लाथ घातली, की दार आत, मी टॉवेलमध्ये!

टॅक्सीत टाय बांधला. स्टेजवर केसांतून पाणी गळत होतं. ती जागा आली. डम, डम, ड-ड-डम! तिन्ही ठोके शहाण्या मुलांसारखे रांगेत आले. समोर ऑर्केस्ट्राला ताल देणारी अंकलची काठी क्षणभर हवेत थांबली आणि त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले.

"हे जमलं कसं?" नंतर त्यांनी विचारलं.

"अडीच तास आत होते ना!" स्मिता म्हणाली.

अंकल तिच्याकडे बघून विचारात पडले. मला तेव्हाच पळायला हवं होतं.

आता पुढच्या कार्यक्रमाची तयारी सुरू आहे. रोज जेवण झालं की स्मिता मला बडवायला नवी बादली देते, आई नव्या दाराला बाहेरून कडी लावते आणि वरून अंकल विचारतात, "घातला का त्याला?"