न ओरडता गायलेली सात गाणी

अवसरीला इंजिनिअरिंगला असताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. गॅदरिंगला ती पंक रॉक गायची. म्हणजे काय ते तिथं कुणालाच धड माहीत नव्हतं. तीन मुलं गिटार आणि ड्रम बडवायची आणि ती इंग्रजीत घसा फाडून ओरडायची, एवढंच लोकांना दिसायचं. मी मागं वायरी सांभाळायचे. मला गाता येत नाही, पण तिचं ओरडणं ऐकलं की माझी तगमग थोडा वेळ थांबायची.

कॉलेज सुटून काही वर्षं झाली आणि तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज बसला तो बसलाच. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढंच बोलता यायचं. मी तेव्हा निमगाव साव्याला घरी राहून पुण्यातल्या एका कंपनीचं काम लॅपटॉपवर करत होते. ती पंधरा दिवस राहायला आली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, तीच गाणी परत करू. गिटार नको, ड्रम नकोत, सगळं इलेक्ट्रॉनिक. माझ्याकडे जुना कीबोर्ड होता आणि बीट्स जुळवायची हौस. मी लगेच हो म्हटलं.

मधल्या खोलीत गोधड्या टांगल्या आणि माइक लावला. वीज आली की शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू व्हायची आणि तिची घरघर माइकमध्ये शिरायची. म्हणून वीज गेली की बॅटरीवर रेकॉर्डिंग करायचं. वीज असायची तेव्हा दोघी अंगणात येरझाऱ्या घालायचो. एका जागी बसणं दोघींनाही जमत नव्हतं.

पहिले चार दिवस सगळं चुकत गेलं. ती जोर लावायची, गळ्याच्या शिरा फुगायच्या आणि बाहेर यायची नुसती हवा. मग मी तिच्या आवाजावर इफेक्ट चढवले, मागं ढोलासारखा बीट घातला, आणखी दोन सूर भरले. स्पीकरवर ऐकताना ती पुरानं फुगलेल्या ओढ्यासारखी घोंगावत होती. ऐकून झाल्यावर ती इतकंच म्हणाली, "ही मी नाही." आणि चप्पल घालून रस्त्याला लागली.

माझे वडील, आबा, ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी तीस वर्षं गायन पार्टीत भीमगीतं गायली. जयंतीला गावोगाव जायचे. ती परत आली तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवलं आणि चहा मागवला. गाणं कसलं, राग कुणावर, असं तिला विचारून घेतलं. तिनं अर्थ सांगितला : नोकरी नाही, घरचे ऐकत नाहीत, सरकार खोटं बोलतं. आबांना त्यात नवीन काही वाटलं नाही. ते म्हणाले, "माईक बंद पडला ना पोरी, तर आमी वरडायचो न्हाई. आवाज खाली आणायचो. मागची लोकं गप व्हऊन पुढं सरकायची."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लई भरतीस. काढ थोडं."

लागलं मला ते. पण दुसऱ्या दिवशी बसून मी एकेक थर उडवत गेले. शेवटी एक बीट उरला, एक लांब सूर, आणि त्यावर जवळजवळ बोलल्यासारखा तिचा आवाज. चौथ्या गाण्यात मध्येच तिला ठसका लागतो. मी तो ठेवला. पंधरा दिवसांत सात गाणी झाली आणि आम्ही अल्बम नेटवर टाकला.

कॉलेजात ड्रम वाजवणाऱ्यानं खाली लिहिलं, यात राग कुठाय?  तिनं मला फोन केला आणि म्हणाली, अल्बम काढून टाक. मी लगेच काढला आणि नंतर कितीतरी दिवस घरात सगळ्यांवर उगाच खेकसत राहिले. आबांच्या मोबाइलमध्ये तेवढी ती गाणी राहिली. एक अक्षर कळत नसताना ते दाढी करताना लावायचे.

परवा तिचा मेसेज आला : परत लाव, फक्त चौथं नको. नेमकं तेच मला सगळ्यांत आवडतं. ठसका कापला तर ती चौथंही ठेवू देईल, असं वाटतं. फाइल उघडते, ठसक्यापर्यंत जाते, कापायला बोट नेते आणि उठून अंगणात फिरून येते.